गाणारा एक, घडवणारा एक: खानदेशातील तरुण पॉप जोड्यांच्या उदयाची प्रस्तावना

फेब्रुवारी २०२४ मध्ये यूट्यूबवर ‘गुलाबी साडी’ हे मराठी गाणे आले. ते कोणत्याही चित्रपटातले नव्हते आणि त्यामागे मुंबईतला एखादा नावाजलेला संगीतकारही नव्हता. जळगाव जिल्ह्यातील धानवडच्या संजू राठोड याने ते लिहिले आणि गायले. संगीत केले जी-स्पार्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौरव राठोड या त्याच्या भावाने. काही आठवड्यांत ते लग्नाच्या मांडवांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि मोबाइलवरच्या तीस-तीस सेकंदांच्या व्हिडिओंतून देशभर वाजू लागले. मराठीचा एक शब्दही न येणाऱ्यांनी त्यावर नाच केले. पुढे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर त्याची जाहिरात झळकली. मराठी स्वतंत्र पॉप संगीताचा इतका मोठा फैलाव त्याआधी क्वचितच झाला होता.

हे यश एकाएकी आल्यासारखे दिसले, तरी ज्या व्यवस्थेतून ते आले ती तयार व्हायला बरीच वर्षे लागली. घरातली किंवा वर्गातली दोन मुले, त्यांतला एक गाणारा-लिहिणारा आणि दुसरा संगणकावर संगीत घडवणारा, ही त्या व्यवस्थेतली उत्पादनाची सर्वांत लहान जागा. खानदेशातील स्वतंत्र संगीताचा अभ्यास करायचा तर सुरुवात या जोडीपासून करणे सोयीचे आहे.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर गुजरातची हद्द ओलांडली की नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव अशी स्थानके लागतात. नंदुरबार जिल्ह्यातले धानोरा आणि जळगावजवळचे धानवड ही दोन गावे या पट्ट्याच्या दोन टोकांना आहेत. मधल्या मुलखात बोली बदलत जाते, पण लग्नातला बँड, डीजेची भिंत आणि मेमरी कार्डात भरलेली गाणी सगळीकडे सारखी असतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हा बहुसंख्य आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत इथल्या १६ लाख ४८ हजार लोकांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल, पावरा, मावची, कोकणी असे समाज आणि त्यांच्या बोली इथे शेजारी शेजारी नांदतात. सपाटीवर अहिराणी आणि गुजर समाजाची बोली कानी पडते, बाजारात मराठी आणि हिंदी, तर सीमेपलीकडून गुजराती येते.

या भागात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पडणारे संगीत शहरी मुलाच्या मानाने जास्त मिश्र असते. होळीला सातपुड्यात मोठे ढोल वाजतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरू, डोक्याला मोरपिसांचा टोप अशा वेषातले नर्तक रात्रभर नाचतात. नवापूर, नंदुरबार आणि पलीकडच्या तापी जिल्ह्यात रोडाली या नावाने ओळखले जाणारे बँडसंगीत आहे. त्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गायक-गायिकांच्या सवालजवाबावर लांबच लांब नाच चालतो. नवरात्रात गरबा असतो, गणपतीत मराठी भक्तिगीतांचे डीजे रिमिक्स. लग्नाच्या वरातीत हे सगळे एका रात्रीत एकामागून एक वाजते. एका ठेक्यावरून दुसऱ्यावर न थांबता कसे जायचे, नाचणारे कुठे थकतात, कुठल्या ओळीला पुन्हा उसळतात, हे वरातीच्या मागे चालणारे पोर आपसूक शिकते. संगीत विद्यालयात हा विषय नसतो. पुढे नाचाचे गाणे करणाऱ्याला मात्र हेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

एक गातो आणि दुसरा ते टिपून ठेवतो, ही विभागणी खानदेशाला अनोळखी नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर ओव्या रचून म्हणत. त्या निरक्षर होत्या. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्या लिहून ठेवल्या, म्हणून १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघू शकले. तिथे घडवणाऱ्याचे काम वहीत उतरवण्यापुरते होते. आताच्या जोडीत तोच माणूस ठेका बांधतो, आवाज नेटका करतो, ध्वनी साफ करतो आणि गाणे जगापुढे ठेवतो. काम इतके वाढले की त्याच्याशिवाय गाणे अस्तित्वातच येत नाही.

मराठी लोकप्रिय संगीतात जोड्यांची परंपरा आहेच. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी १९८० च्या दशकातल्या कॅसेटच्या लाटेत लोकगीतांना घराघरांत नेले. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ या गाण्याने तर कॅसेटविक्रीचे सगळे अंदाज मोडले. मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र यांचा ‘गारवा’ १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहरी महाविद्यालयांत पोचला. पुण्याचे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’चे प्रयोग केले आणि चित्रपटाबाहेरही मराठी गीतांना तिकिटे काढून येणारा श्रोता आहे हे दाखवून दिले. अजय आणि अतुल गोगावले हे महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांचे मुलगे. बदल्यांमुळे पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांत वाढले, ‘विश्वविनायक’सारख्या आल्बममधून पुढे आले आणि मग चित्रपटात गेले. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘सैराट’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत झाले.

या सगळ्या जोड्यांना कुठेतरी एक दार ठोठवावे लागले होते. कॅसेट कंपनी, नाट्यगृहाचा व्यवस्थापक, चित्रपट निर्माता किंवा वाहिनीचा निवडकर्ता असा एखादा मधला माणूस होकार देईपर्यंत गाणे घरातच राहायचे. लहान वयाच्या मुलांसाठी सर्वांत मोठे दार दूरचित्रवाणीचे होते. झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’च्या २००८-०९ मधल्या पर्वाने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच नावे घरोघरी पोचवली, विजेती कार्तिकी ठरली. त्या मंचावर मुलांचे कसब खरे होते, पण गाणी जुन्या संगीतकारांची होती. स्पर्धा उत्तम गळा निवडते, नवे गाणे रचणारा मेंदू तिला सहसा लागत नाही. लिहिणाऱ्या आणि संगीत घडवणाऱ्या किशोरांना त्या काळात मंच जवळपास नव्हताच.

हे दार केव्हा उघडले याच्या तारखा ठाऊक आहेत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणे खेड्यातल्या तरुणालाही परवडू लागले. २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकवर बंदी घातली. त्यावर नाव कमावलेल्या कित्येक ग्रामीण कलाकारांची खाती एका रात्रीत गेली. पण जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. टाळेबंदीमुळे लग्ने, बँड आणि ऑर्केस्ट्रा बंद होते. हाताला काम नसलेले वादक आणि गायक घरात बसून गाणी करू लागले. खानदेशातले अहिराणी व्हिडिओ गाण्यांचे पीक या दोन-तीन वर्षांत विशेष जोमाने आले. ‘देख तुनी बायको कशी नाची राहिनी’ आणि ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारखी गाणी अहिराणी न कळणाऱ्या मुलखातही वाजली. या गाण्यांचे चित्रीकरण शेतात, बंधाऱ्यावर, गावच्या चौकात झालेले असते. नायकाचे कपडे बहुधा त्याचे स्वतःचेच. हौशीपणा लपत नाही, आणि तो लपवण्याची कुणाला गरजही वाटत नाही.

घरातल्या जोडीचे काम प्रत्यक्ष कसे चालते हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. सुरुवात बहुतेक वेळा शब्दांपासून होत नाही. घडवणारा संगणकावर आठ मात्रांचा एक ठेका फिरत ठेवतो, वर एखादी साधी सुरावट बसवतो आणि गाणारा त्यावर अर्थहीन अक्षरे गुणगुणत जातो. त्यातला एखादा तुकडा कानाला चिकटला की त्या मापाचे शब्द शोधले जातात. हा तुकडा म्हणजे गाण्याचा मुखडा, ज्याला आता सगळे हुक म्हणतात. मग कच्चा आवाज मोबाइलवरच घेतला जातो आणि दोघे तो दिवसभर ऐकतात; दुसऱ्या दिवशी लाज वाटली नाही तर गाणे पुढे जाते. पक्का आवाज घेण्यासाठी एक माइक, तो संगणकाला जोडणारा लहान ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढे पुरते. खोलीतला घुमारा मारायला भिंतींना गोधड्या आणि गाद्या लावल्या जातात. पंखा बंद करावा लागतो आणि म्हणून उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण पहाटे होते. नंतर आवाजाची पट्टी सुधारणे, मागच्या साथीत त्याला जागा करून देणे आणि शेवटी सगळ्याची पातळी वाढवणे हे मिक्सिंग-मास्टरिंगचे काम येते. नवख्या जोड्या नेमक्या इथेच अडखळतात. हेडफोनवर सुरेख वाटणारे गाणे डीजेच्या मोठ्या स्पीकरवर चिखल होऊन बाहेर पडते, कारण ढोलाचा आणि बासचा खालचा आवाज एकमेकांवर चढतो. जाणते घडवणारे म्हणूनच आपले मिक्स गावातल्या मंडपवाल्याच्या स्पीकरवर लावून पाहतात.

भावंडे किंवा बालमित्र हे काम का करू शकतात, आणि दोन अनोळखी गुणी माणसे का नाही, याचे उत्तर पैशात आहे. पहिली दहा गाणी कुणी ऐकत नाही. त्या काळात एकाने दुसऱ्याला मोबदला द्यायचा म्हटले तर गाडी पहिल्या गाण्यालाच थांबेल. घरात हिशेब उद्यावर ढकलता येतो. चूक तोंडावर सांगता येते आणि रात्री जेवायला पुन्हा एकत्र बसता येते. नात्यातला हा उधारीचा काळ म्हणजे या जोड्यांचे खरे भांडवल. शहरातल्या स्टुडिओत तासाला पैसे मोजून दहा चुका करणे लहान गावातल्या मुलाला कधीच परवडले नसते.

राठोड बंधूंची गाणी या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहेत. ‘गुलाबी साडी’च्या आधी ‘नऊवारी’ गाजले होते. नंतर २०२४ मध्येच ‘काळी बिंदी’ आले आणि २०२५ मध्ये ‘शेकी’. पहिल्या तिन्ही नावांत बाईच्या साजशृंगारातली एक वस्तू आहे, चौथ्याचा मुखडा कंबरेवर आहे. हे योगायोगाने घडलेले नसावे. लावणीने शतकानुशतके शालू, चोळी, नथ, कंबर यांवरच आपले शब्द फिरवले. शाहीर पुरुष असत आणि रचना बाईच्या तोंडी. ‘गुलाबी साडी’चा मुखडाही बाईच्या तोंडचा आहे आणि तो पुरुष गातो. नटलेली बाई आपल्या माणसाला लावणीच्याच लाडक्या संबोधनाने हाक मारते आणि माझा फोटो काढ म्हणते. इथे जुन्या साच्यात नवी गोष्ट बसली आहे. शालू मागणाऱ्या नायिकेच्या जागी फोटो मागणारी नायिका आली, आणि मोबाइल हातात धरलेल्या प्रत्येक बाईला नेमके काय करायचे हे गाण्यानेच सांगून टाकले: साडी नेसायची, कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे. रीलसाठी याहून चांगली सूचना लिहिता येणे कठीण आहे. ज्यांनी गाण्यावर व्हिडिओ केले त्यांत माधुरी दीक्षितही होत्या.

जी-स्पार्कच्या संगीताकडे समीक्षेचे लक्ष फार कमी गेले आहे. त्यात वाद्यांची गर्दी नसते. ठेका नाचाचा, पण उत्तर भारतीय पंजाबी पॉपच्या मानाने हलका. वर एक छोटी, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट आणि आवाजासाठी मोकळी सोडलेली जागा. शब्द स्पष्ट ऐकू येतात, म्हणून परभाषक श्रोताही दुसऱ्या फेरीला मुखडा म्हणू शकतो. संजूच्या गायकीत ताना नाहीत, मुरक्या थोड्या. बोलता बोलता सुरात जावे तसा तो गातो. शास्त्रीय संगीताच्या कानाला हे तोकडे वाटेल. पण लग्नात दोनशे माणसांनी एकदम म्हणायचे गाणे कठीण असून चालत नाही, आणि सोपे गाणे करणे हे सोपे काम नव्हे.

भाषेचा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. खानदेशातल्या जोडीपुढे तीन वाटा असतात: बोली, प्रमाण मराठी किंवा हिंदी. अहिराणी, भिली किंवा मावचीत केलेले गाणे आपल्या मुलखात लगेच आपले वाटते आणि वरातींत वर्षानुवर्षे वाजते, पण जाहिरातदारांचा आणि मोठ्या प्लेलिस्टचा त्याकडे ओढा कमी. हिंदीत श्रोते अफाट, स्पर्धाही तेवढीच. राठोड बंधूंनी मधली वाट घेतली: सर्वांना कळेल अशी बोलती मराठी, मधून मधून इंग्रजी शब्द, आणि उच्चारात गावाकडचा मोकळेपणा. त्यांचे गाणे पुण्याला परके वाटत नाही आणि चाळीसगावलाही. या निवडीची किंमत म्हणजे खानदेशाची खूण गाण्यात फारशी उरत नाही. धानोऱ्यासारख्या गावातून आलेल्या जोडीने मावचीत किंवा भिलीत गायचे ठरवले, तर तिला श्रोता कमी मिळेल. पण जो मिळेल तो पिढ्यांचा असेल. रोडाली बँडांच्या गाण्यांना सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळणारी मागणी याची साक्ष देते.

किशोरवयीन जोड्यांचा उदय जगात इतरत्र कसा झाला, याची दोन-तीन उदाहरणे इथे उपयोगी पडतील. स्टॉकहोमच्या उपनगरातल्या योहाना आणि क्लारा स्योदरबर्ग या बहिणींनी २००८ मध्ये ‘फ्लीट फॉक्सेस’ या अमेरिकी गटाचे एक गाणे जंगलात उभे राहून गायले आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. तेव्हा योहाना १७ वर्षांची आणि क्लारा १५ वर्षांची होती. मूळ गटाने त्यांचे कौतुक केले आणि ‘फर्स्ट एड किट’ हे नाव युरोपभर झाले. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात बालवर्गापासून मैत्रिणी असलेल्या रोझा वॉल्टन आणि जेनी हॉलिंगवर्थ यांनी ‘लेट्स ईट ग्रँडमा’ या नावाने २०१६ मध्ये पहिला आल्बम काढला, तेव्हा त्यांची शाळा नुकतीच संपत होती. सर्वांत मोठे उदाहरण लॉस एंजेलिसमधल्या बिली आयलिश आणि फिनियस या बहीण-भावाचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये साउंडक्लाउडवर आलेले ‘ओशन आइज’ १८ वर्षांच्या फिनियसने लिहिले होते आणि १३ वर्षांच्या बिलीने गायले होते. पहिला आल्बमही त्यांनी मुख्यतः घरातल्या झोपण्याच्या खोलीत केला आणि २०२० च्या ग्रॅमी सोहळ्यात चारही प्रमुख पुरस्कार बिलीच्या नावे झाले. तिथेही विभागणी तीच आहे: एक आवाज, एक घडवणारा. मात्र फिनियस कार्यक्रमांत आणि पुरस्कार स्वीकारताना बहिणीच्या बरोबर उभा असतो, म्हणून त्याचे नाव श्रोत्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे घडवणाऱ्याचे नाव व्हिडिओखालच्या बारीक अक्षरांत राहते.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याची बाजू वेगळी समजून घ्यावी लागते, आणि बहुतेक घरांत तिचा विचार गाणे गाजल्यावर होतो. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असल्याचे सांगितले. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी एखाद्या कंपनीच्या छापील कागदावर सह्या केल्या तर त्या सह्यांना अर्थ नसतो. व्यवहार पालकांमार्फत व्हावा लागतो. यूट्यूबवरून पैसे मिळवण्यासाठीही खात्याला अठरा वर्षांवरच्या पालकाची जोड लागते. कमाई सुरू होण्याची नेहमीची अट म्हणजे १,००० वर्गणीदार, आणि त्याबरोबर बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी दर्शने. खाते वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर उघडले जाते आणि पुढे मुले सज्ञान झाल्यावर त्या खात्याची मालकी कुणाची, हा वाद घरातच उभा राहतो. पहिल्याच दिवशी एका साध्या कागदावर दोघांचा वाटा लिहून ठेवणे अशा वेळी मोठ्या वकिलापेक्षा उपयोगी पडते.

गाण्याचे हक्क एकच नसतात, हेही तितकेच कमी लोकांना ठाऊक असते. कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार शब्दांवर गीतकाराचा, सुरावटीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करवून घेणाऱ्याचा हक्क असतो. शब्द आणि संगीत यांवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी काम करणाऱ्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीच्या समान वाट्याचे संरक्षण दिले; ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते. घरात केलेल्या गाण्याचे हे तिन्ही हक्क सुरुवातीला त्या जोडीकडेच असतात. हीच त्यांची शेतजमीन. पहिले गाणे चालल्यावर रोख रकमेच्या मोबदल्यात ती सगळी विकून टाकण्याचा मोह होतो, आणि लहान वयात तो टाळणे अवघड. ध्वनिमुद्रण आपल्याकडे ठेवून फक्त वितरण एखाद्या वितरक कंपनीकडे देण्याची पद्धत आता रुळली आहे. गाणे स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक अशा ठिकाणी पोचवणे आणि इतरांच्या व्हिडिओत ते वाजले तर त्याची नोंद करून पैसे वळवणे ही त्या वितरकाची कामे. यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा गाण्याचा नमुना जुळवून परक्या व्हिडिओतही त्याची ओळख पटवते.

दर्शनांच्या आकड्यांबद्दल वाचकाने सावध राहिलेले बरे. कोटींचे आकडे बातमीत शोभतात, पण त्यांतून हातात काय येते हे पाहणारा कोणत्या देशात आहे, जाहिरात कुठली आली आणि गाणे पूर्ण ऐकले की रीलमध्ये वीस सेकंद, यांवर ठरते. रीलवर गाजलेल्या गाण्याचा खरा मोबदला पुष्कळदा व्यासपीठावरून येतो: गणेशोत्सव, दहीहंडी, महाविद्यालये, लग्ने, राजकीय मेळावे. मग संगणकावर घडवलेले गाणे मंचावर कसे म्हणायचे हा प्रश्न येतो. काही जण मागे तयार ट्रॅक वाजवून त्यावर गातात, काही वादक जमवतात. पहिल्या पद्धतीत खर्च कमी, पण प्रेक्षक चाणाक्ष असतो आणि दुसऱ्यांदा बोलावणे येईलच असे नाही. घडवणारा भाऊ मंचावर कीबोर्ड किंवा कन्सोलपाशी उभा राहिला तर प्रेक्षकांना दोघांची ओळख होते. तो घरीच राहिला तर जोडी हळूहळू एका गायकाच्या नावापुरती उरते.

पहिल्या गाजलेल्या गाण्यानंतरचे वर्ष बहुतेक जोड्यांना जड जाते. श्रोत्याला तेच गाणे पुन्हा हवे असते आणि तेच दिले की तो कंटाळतो. राठोड बंधूंनी साजशृंगाराचा विषय कायम ठेवून ठेका आणि चित्रीकरण बदलत नेले. ‘शेकी’मध्ये ईशा मालवीय या हिंदी मालिकांतल्या अभिनेत्रीला घेतले. ही सुरक्षित खेळी होती आणि ती चालली. दीर्घ पल्ल्यासाठी ती पुरेल का, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या गाण्यांना विचारावा लागेल. खानदेशातल्या इतर जोड्यांपुढे तो वेगळ्या रूपात उभा आहे. अहिराणी गाण्यांच्या बाजारात नायिकेच्या दागिन्यांवरच्या ओळी आता इतक्या झाल्या आहेत की एक गाणे दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. त्याच मुलखात कापसाचे भाव, ऊसतोडीला आणि गुजरातेतल्या कारखान्यांत जाणारी कुटुंबे, आश्रमशाळेतले वसतिगृह, तापीचे आणि नर्मदेचे पाणी हे विषय गाण्याविना पडून आहेत. त्यांवर नाचता येईल असे गाणे करणे अशक्य नाही; आनंद-मिलिंद शिंदे यांच्या घराण्यातून आलेल्या भीमगीतांनी सामाजिक आशय आणि मिरवणुकीतला ठेका एकत्र चालतात हे कधीच सिद्ध केले आहे.

या विषयाच्या अभ्यासाला कच्चा माल पुरवणारी गोष्ट म्हणजे गाण्याखालची श्रेयनामावली. गीत कुणाचे, संगीत कुणाचे, मिक्सिंग कुठल्या गावात झाले, ढोलकी कुणी वाजवली, चित्रीकरण कुठल्या शेतात झाले हे अनेक जोड्या स्वतःहून लिहितात, अनेक विसरतात. जुन्या कॅसेटच्या पाठीमागे ही माहिती नसल्याने त्या काळातल्या कितीतरी वादकांची नावे आज सापडत नाहीत. नंदुरबारच्या रोडाली बँडांचे तर बहुतांश संगीत वरातीतल्या मोबाइल चित्रणांतूनच टिकून आहे. त्यावर वर आणि वधूची नावे असतात, गायकाचे नाव असतेच असे नाही.